जुन्या गाडीच्या सीट आणि खोबरेल तेल: एक खुलासा

पावसाळ्याच्या तोंडावर जुन्या अँबॅसिडरच्या किंवा पद्मिनीच्या सीटवर खोबरेल तेल चोळले की बुरशी धरत नाही आणि कातडे मऊ राहते, हा समज गोव्यात पेडण्यापासून काणकोणापर्यंत ऐकू येतो. तो चुकीचा आहे.

या गाड्यांच्या बहुतेक सीट मुळात कातड्याच्या नसून रेक्झिनच्या असतात. रेक्झिनवरील पीव्हीसीच्या थराला तेलाने पोषण मिळत नाही. उलट त्याला लवचिक ठेवणारे द्रव्य तेल हळूहळू ओढून घेते आणि तो थर कडक होऊन शिवणीलगत तडकतो. सीट अस्सल कातड्याची असली, तरी त्यावरचा रंगाचा लेप तेलाला फारसे आत जाऊ देत नाही. वर राहिलेल्या चिकटपणावर धूळ बसते, आणि ती बुरशीला पोसते.

बुरशीचे खरे कारण दमट हवा हेच आहे. गोव्यात जुलै-ऑगस्टमध्ये आर्द्रता बहुधा ८० टक्क्यांच्या वर असते. म्हणून सौम्य साबणाच्या पाण्यात भिजवून घट्ट पिळलेल्या कापडाने सीट पुसाव्यात, लगेच कोरड्या कराव्यात आणि उघडीप मिळताच दारे उघडून वारा खेळू द्यावा. पायाखालचे गालिचे मात्र पूर्ण उचलून वाळवावेत, कारण त्यांखालच्या ओल्या अस्तरामुळे तळाचा पत्रा नकळत गंजत जातो.