मुरानोची फुलदाणी आणि तिच्या तळावरची सही : पार्श्वभूमी

13 डिसेंबर 2023 रोजी अमेरिकेतील एका लिलावात काचेची एक फुलदाणी 1,07,100 डॉलरला विकली गेली. व्हर्जिनिया राज्यातील जुन्या वस्तूंच्या एका दुकानातून ती केवळ 3.99 डॉलरला विकत घेतली गेली होती. पारदर्शक काचेवर रंगाच्या ब्रशाचे फराटे ओढावेत तसे वळत गेलेले पट्टे असलेली ही वस्तू इटलीचे कार्लो स्कार्पा यांनी 1940 च्या दशकाच्या आरंभी व्हेनिसजवळच्या मुरानो बेटावरील व्हेनिनी या काच कारखान्यासाठी कल्पिलेल्या ‘पेन्नेल्लाते’ मालिकेतील होती. इतकी मोलाची वस्तू दुकानाच्या फळीवर अनोळखी पडून राहते, याचे कारण मुरानोच्या इतिहासात आहे.

व्हेनिसच्या काचकारांच्या संघाचे नियम 1271 मध्ये लेखी स्वरूपात आले आणि 1291 मध्ये व्हेनिसच्या स्वतंत्र प्रजासत्ताकाने भट्ट्या शहराबाहेर मुरानो बेटावर हलवण्याचा आदेश दिला. लाकडी बांधकामांच्या शहराला आगीची भीती होती, हे त्याचे उघड कारण. पण सारे कसबी एका बेटावर आल्यामुळे त्यांच्यावर नजर ठेवणेही राज्याला सोपे झाले. कसब सोडून परदेशी जाणाऱ्याला शिक्षेची तरतूद होती. अशा व्यवस्थेत ज्ञान घराण्याचे आणि भट्टीचे मानले जात असे, त्यामुळे घडवणाऱ्याने वस्तूवर स्वतःचे नाव घालण्याची रीत तेथे रुजलीच नाही. पंधराव्या शतकाच्या मध्यास आंजेलो बारोविएर यांनी सिद्ध केलेली नितळ ‘क्रिस्ताल्लो’ काच युरोपभर पोहोचली ती मुरानोच्या नावाने.

ही काच सोडा-चुन्याची. शिसे मिसळलेल्या जड ‘क्रिस्टल’ काचेपेक्षा ती हलकी असते. ती फार पातळ फुंकता येते, आणि चिमट्याने ओढून, पिळून तिला हवे तसे वळणही देता येते. काम मात्र एकट्याचे नसते. उस्ताद बाकावर बसून मांडीपुढच्या आडव्या दांड्यांवर फुंकणी सतत फिरवत राहतो, कारण फिरणे थांबले की मऊ गोळा आपल्या वजनाने एका बाजूला ओघळतो. मदतनीस फुंकणीत हवा भरतो, दुसरा रंगीत काच आणून देतो. पुढे तोंड घडवण्यासाठी वस्तू तळाकडून ‘पोंटेलो’ नावाच्या सळईवर चिकटवून घेतात, फुंकणी सोडवतात आणि मोकळे झालेले तोंड पुन्हा भट्टीत धरतात. काम संपून सळई तोडली की तळाशी एक व्रण उरतो. तो घासून गुळगुळीत केलेला आहे की नाही आणि केला असल्यास किती निगुतीने, हे संग्राहक आधी पाहतो, सही त्यानंतर. शेवटी वस्तू कित्येक तास सावकाश निववावी लागते. घाई झाली तर आतला ताण तिला तडा देतो.

1797 मध्ये नेपोलियनने प्रजासत्ताक संपवले, पुढे संघही मोडीत निघाले, आणि बोहेमियाच्या (आजच्या चेकियातील) कोरीव काचेपुढे मुरानोची बाजारपेठ आक्रसली. 1859 मध्ये आंतोनिओ साल्व्हियाती या विचेंझाच्या वकिलाने नव्या उमेदीने कारखाना काढला आणि 1861 मध्ये धर्मगुरू विंचेन्झो झानेत्ती यांच्या पुढाकाराने बेटावर काचेचे संग्रहालय उभे राहिले. जुन्या नमुन्यांवरून घडवलेल्या त्या काळातील कित्येक वस्तू इतक्या सरस आहेत, की त्या जुन्या की पुनरुज्जीवनाच्या काळातल्या, हा प्रश्न आजही जाणकारांना पडतो.

आज ज्याला संग्राहक ‘विंटेज’ म्हणतात, त्याचा उगम 1921 चा. मिलानचे वकील पाओलो व्हेनिनी आणि मूळचे व्हेनिसचे पुराणवस्तूंचे व्यापारी जाकोमो काप्पेल्लिन यांनी मिळून कंपनी काढली. चित्रकार व्हित्तोरिओ झेक्किन यांना त्यांनी कलादिग्दर्शक नेमले. झेक्किन यांनी सोळाव्या शतकातील चित्रकार पाओलो व्हेरोनेझे यांच्या एका चित्रात दिसणाऱ्या फुलदाणीचा आकार घेऊन ती एका रंगात, कसल्याही नक्षीविना फुंकवली. अलंकाराने लगडलेल्या मुरानोला हा साधेपणा नवा होता, आणि माझ्या मते विसाव्या शतकातील सारे काम या एका फुलदाणीच्या वाटेने पुढे गेले. 1925 मध्ये दोघे भागीदार वेगळे झाले. मूर्तिकार नापोलेओने मार्तिनुझ्झी यांनी व्हेनिनीकडे बुडबुड्यांनी भरलेली, जवळजवळ दगडासारखी दिसणारी ‘पुलेगोझो’ काच आणली. 1932 ते 1947 या काळात स्कार्पा यांनी तेथेच एकामागून एक तंत्रे पारखली. 1940 च्या दशकाच्या अखेरीस फुल्व्हिओ बिआन्कोनी यांच्या सहभागातून ‘फाझ्झोलेत्तो’, म्हणजे ‘हातरुमाल’ नावाचा फुलदाणीचा आकार आला. हातरुमाल वर उचलताना त्याच्या कडा जशा घड्यांनी लोंबतात, तशा त्याच्या कडा होत्या. त्याची नक्कल बेटावरच्या इतर भट्ट्यांनीही भरपूर केली.

या नावांमध्ये एक उणीव मला नेहमी खटकते. स्कार्पा वास्तुरचनाकार होते आणि बिआन्कोनी रेखाटनकार; आकार त्यांनी कल्पिला, पण भट्टीपुढे तो साकारला तो ‘बोबोली’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या आर्तुरो बिआसुत्तो यांच्यासारख्या उस्तादांनी. लिलावाच्या यादीत त्यांचे नाव क्वचितच येते.

सहीचा प्रश्न इथूनच गुंतागुंतीचा होतो. व्हेनिनीने आधी ॲसिडने उमटवलेला शिक्का वापरला, पुढे तळावर हिऱ्याच्या टोकाने कोरलेली अक्षरे आली. अनेक कारखान्यांनी मात्र फक्त कागदी लेबल चिकटवले, आणि ते पहिल्याच धुण्यात निघून जाई. युद्धानंतर पर्यटक वाढले तशी ‘मुरानो’ असे छापलेली लेबले कोणत्याही काचेवर दिसू लागली. त्यावर उपाय म्हणून व्हेनेतो प्रांताने 1994 मध्ये कायदा करून ‘व्हेत्रो आर्तिस्तिको मुरानो’ हे अधिकृत चिन्ह आणले. त्याआधीच्या वस्तूंना त्याचा उपयोग नाही. तेथे व्रण, वजन, रंगाच्या थरांची जाडी आणि कारखान्यांची जुनी रेखाटने यांवरच भिस्त ठेवावी लागते. अशी रेखाटने आज व्हेनिसमधील सान जोर्जो बेटावरच्या जोर्जो चिनी प्रतिष्ठानच्या काच-अभ्यास केंद्रात जतन केली जात आहेत. तेथेच 2012 मध्ये ‘ले स्तान्झे देल व्हेत्रो’ ही प्रदर्शनांची जागा सुरू झाली आणि स्कार्पा यांच्या व्हेनिनीतील कामाचे मोठे प्रदर्शन त्याच वर्षी तेथे मांडले गेले.