ओल्या चाकावरची धार: पाते देण्यापूर्वी वाचा

पटाशी असो, रंध्याचे पाते असो की सरळ धारेची सुरी, आम्ही धार लावतो ती ओल्या चाकावरच. कोरड्या चाकावर काम लवकर उरकते, हे खरे. पण ते चाक बहुधा मिनिटाला 2,800 ते 3,000 फेरे घेते आणि धारेच्या टोकाला पोलाद इतके पातळ असते की उष्णतेला पसरायला जागाच नसते. क्षणात टोक निळे पडते. साध्या कार्बन पोलादावर हा निळा रंग 300 अंश सेल्सिअसच्या आसपास येतो. तो दिसला की तिथले पाणी, म्हणजे पोलादाचा कठीणपणा, उतरले म्हणून समजा. रंग घासून जातो, मऊपणा जात नाही. तेवढा भाग काढूनच टाकावा लागतो आणि पात्याचे आयुष्य घटते.

आमचे 250 मिलिमीटरचे चाक मिनिटाला 90च्या आसपास फिरते आणि त्याचा तळ पाण्यात असतो. पाण्याने पाते गार राहते, शिवाय कीसही धुऊन जातो.

पटाशीला साधारणपणे 25 अंशांचा उतार, म्हणजे धारेकडची तिरपी बाजू, देतो. कठीण लाकडावर ठोकून काम करायचे असेल तर 30. पाते पकडीत बसवल्यावर गुण्या (काटकोन तपासायचे साधन) लावून पाहतो, कारण इथे थोडे तिरके बसले तर धारही तिरकीच निघते. मग उतारावर मार्करने शाई लावून चाक हाताने फिरवायचे. शाई फक्त टोकाशी पुसली तर कोन जास्त, फक्त मागे पुसली तर कमी.

घासता घासता पाठीच्या, म्हणजे उतारामागच्या सपाट, बाजूला बर येते; बर म्हणजे धारेवर वळून आलेली पोलादाची पातळ कड. पाठीवरून बोट धारेबाहेरच्या दिशेने अलगद सरकवले की खरखर लागते. ती या कोपऱ्यापासून त्या कोपऱ्यापर्यंत लागली, तरच घासणे टोकापर्यंत पोहोचले. पण बर म्हणजे धार नव्हे. बर असलेले पाते पहिल्या कापाला छान चालते आणि लगेच बोथट होते. म्हणून ती पेस्ट लावलेल्या चामड्याच्या चाकावर उतरवतो. इथे धार फिरण्याच्या उलट दिशेला कधीही धरायची नाही, चामडे कापले जाते.

पाठीसाठी आम्ही जास्त वेळ मागतो आणि तो द्यावा, असा आमचा आग्रह आहे. उतार आणि पाठ जिथे मिळतात तिथेच धार असते. पाठीवर गंजाचे खड्डे राहिले तर उतार कितीही चकचकीत असो, धार तुटकच येणार. पटाशीची आणि रंध्याच्या पात्याची पाठ टोकाजवळ अगदी सपाट लागते. ती घरी गोल करू नका.

तुमच्याकडे स्वतःचे ओले चाक असेल तर काम झाल्यावर भांड्यातले पाणी काढा. दगड पाणी पितो. अर्धा बुडालेला राहिला तर एका बाजूला जड होतो.

पाते देताना ते कशासाठी वापरता हे सांगा. पूर्वीचाच कोन हवा असेल तर तेही तेव्हाच सांगा.