महाविद्यालयीन रक्तदान शिबिर (पुणे)

महाविद्यालयीन रक्तदान शिबिर : महाविद्यालयाच्या किंवा विद्यापीठाच्या आवारात परवानाधारक रक्तपेढीच्या मदतीने भरणारे ऐच्छिक रक्तसंकलन. पुण्यात अशी शिबिरे बहुधा राष्ट्रीय सेवा योजनेचा (स्थापना १९६९) विभाग घेतो. सभागृह, स्वयंसेवक आणि चहा-बिस्किटे महाविद्यालयाची. डॉक्टर, तंत्रज्ञ, खाटा आणि पिशव्या रक्तपेढीच्या. ससून रुग्णालयाची शासकीय रक्तपेढी आणि जनकल्याणसारख्या सेवाभावी रक्तपेढ्या शहराला परिचित आहेत.

पैसे घेऊन रक्त देणारे व्यावसायिक दाते एकेकाळी देशात सर्रास होते. सर्वोच्च न्यायालयाच्या १९९६ च्या निकालानंतर १ जानेवारी १९९८ पासून ती पद्धत बंद झाली. त्यानंतर भिस्त उरली ती रुग्णाच्या नातेवाइकांवर आणि ऐच्छिक दात्यांवर. हजारो निरोगी तरुण एका आवारात सापडतील अशा जागा पुण्यात ठायीठायी आहेत, त्यामुळे रक्तपेढ्यांचा मोर्चा महाविद्यालयांकडे वळणे स्वाभाविकच होते.

शिबिरात आधी अर्ज भरून घेतात. दात्याचे वय १८ पूर्ण हवे. त्यामुळे त्याच आवारातल्या अकरावी-बारावीच्या मुलांना उत्साह असूनही स्वयंसेवकगिरीवरच समाधान मानावे लागते. वजन किमान ४५ किलो लागते आणि तेवढ्यावर ३५० मिलि रक्त घेतात. ४५० मिलि घ्यायचे तर वजन ५५ किलोच्या वर हवे. हिमोग्लोबिन १२.५ ग्रॅमपेक्षा कमी चालत नाही. ते पाहण्याची जुनी आणि आजही दिसणारी रीत म्हणजे मोरचुदाच्या निळ्या द्रावणात बोटाच्या रक्ताचा थेंब सोडणे : थेंब बुडाला तर दाता पात्र, तरंगत राहिला तर नाही. गेल्या वर्षभरात टॅटू काढलेल्यांनाही थांबवतात, आणि हे अनेकांना खाटेपाशी आल्यावरच कळते.

परत पाठवलेल्यांत मुली जास्त असतात. त्याला भित्रेपणाचे नाव देणे अन्यायाचे आहे. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के भारतीय स्त्रियांत रक्तक्षय आढळला. त्यासाठीची मर्यादा १२ ग्रॅम, म्हणजे रक्तदानाच्या अटीहूनही खालची. नाकारलेल्या मुलीला ‘हिमोग्लोबिन कमी आहे’ एवढेच सांगून वाटेला लावणारे शिबिर अर्धेच काम करते. तिला तिथेच तपासणीचा आणि आहाराचा सल्ला मिळायला हवा.

प्रत्यक्ष रक्त घ्यायला पाच ते दहा मिनिटे लागतात. हातात स्पंजचा चेंडू, शेजारी हलणाऱ्या तराजूवर पिशवी आणि समोर फोटो काढणारे मित्र. ३५० मिलिच्या पिशवीत रक्त गोठू नये म्हणून ४९ मिलि द्रावण आधीच भरलेले असते. चक्कर येण्याचे प्रमाण तरुण आणि पहिल्यांदाच रक्त देणाऱ्यांत अधिक असते. वसतिगृहातून नाश्ता न करता थेट रांगेत आलेल्यांची त्यात भर पडते. दान झाल्यावर दहा-पंधरा मिनिटे बसवून ठेवतात ते याचसाठी; प्रमाणपत्र हातात पडताच दुचाकीला किक मारणारा दाता डॉक्टरांना नको असतो. पुढचे दान पुरुषांना ९० आणि स्त्रियांना १२० दिवसांनी करता येते.

पिशवीवर एचआयव्ही, कावीळ ब आणि क, सिफिलिस आणि मलेरिया यांच्या चाचण्या होतात. आपला रक्तगट अनेकांना पहिल्यांदा इथेच कळतो. १९५२ मध्ये मुंबईत डॉ. य. म. भेंडे आणि सहकाऱ्यांनी नोंदवलेला दुर्मीळ ‘बॉम्बे’ गट नुसत्या प्राथमिक चाचणीत ‘ओ’ भासतो, म्हणून रक्तपेढीत गटाची उलट बाजूनेही, म्हणजे दात्याच्या रक्तातील द्रवात माहीत असलेल्या गटाच्या पेशी मिसळून, पडताळणी करतात.

शिबिराचे यश पिशव्यांच्या संख्येवर मोजायची पद्धत मात्र फसवी आहे. एका पिशवीतून तांबड्या पेशी, प्लेटलेट्स आणि प्लाझ्मा वेगळे केले जातात. प्लाझ्मा गोठवून वर्षभर ठेवता येतो. तांबड्या पेशी द्रावणाच्या प्रकारानुसार ३५ किंवा ४२ दिवस टिकतात, प्लेटलेट्स जेमतेम पाच. शिबिरांची तिथी मात्र पंचांग ठरवते : शिवजयंती, स्वातंत्र्यदिन, १ ऑक्टोबरचा राष्ट्रीय ऐच्छिक रक्तदान दिन, संस्थापकांची जयंती. १ ऑक्टोबरला घेतलेल्या तांबड्या पेशी ३५ दिवसांच्या हिशेबाने ५ नोव्हेंबरला बाद होतात, म्हणजे नेमक्या दिवाळीच्या सुमारास, जेव्हा वसतिगृहे रिकामी झालेली असतात. एप्रिल-मेमध्ये तोच प्रकार : परीक्षा, मग सुट्टी, आणि मुले गावी. अपघात, बाळंतपणे आणि दर दोन-चार आठवड्यांनी रक्त लागणारी थॅलेसेमियाची मुले मात्र सुट्टीवर जात नाहीत. पावसाळ्यात आणि त्यानंतर डेंग्यू वाढला की प्लेटलेट्सची मागणी चढते, आणि त्या आदल्या महिन्यातल्या विक्रमी शिबिरातून मिळत नाहीत. म्हणून एका दिवशी तीनशे पिशव्या गोळा करण्यापेक्षा शंभर-शंभरची तीन शिबिरे निरनिराळ्या महिन्यांत, त्यातले एक परीक्षा संपता संपता, मुले गावी जाण्याआधी घेणे रक्तपेढीला अधिक सोयीचे पडते.