नॉर्थ डकोटा

नॉर्थ डकोटा हे अमेरिकेतलं कॅनडाच्या सीमेला लागून असलेलं राज्य. राजधानी बिस्मार्क, सगळ्यात मोठं शहर फार्गो, आणि २०२० च्या जनगणनेत अख्ख्या राज्याची लोकसंख्या फक्त ७,७९,०९४. बातम्यांत हे राज्य क्वचितच येतं, पण सरकारी बँक आणि सरकारी पिठाची गिरणी शंभर वर्षं चालवणारं आणि तरीही खासगी धंद्याची बाजू घेणाऱ्या रिपब्लिकन पक्षाचं पक्कं असलेलं राज्य अमेरिकेत दुसरं नाही, म्हणून त्याच्याकडे नीट बघायला हवं.

मिसुरी नदीच्या काठी मंडान, हिदात्सा आणि अरिकारा या आदिवासी लोकांची गावं होती, मका-भोपळ्याची शेती होती, मोठा व्यापार चालायचा. पश्चिमेचा प्रदेश धुंडाळायला निघालेल्या लुईस आणि क्लार्कनी १८०४-०५ चा हिवाळा इथेच काढला. १८३७ मध्ये देवीची साथ आली आणि मंडान लोक जवळपास संपलेच. जे उरले त्यांच्या वंशजांची नदीकाठची सगळ्यात सुपीक जमीन पुढे १९५० च्या दशकात गॅरिसन धरणाच्या पाण्याखाली गेली, आणि त्या जलाशयाला नाव दिलंय साकाकाविया, म्हणजे लुईस-क्लार्कबरोबर गेलेल्या आदिवासी बाईचंच, हे मला तरी फार खटकतं.

२ नोव्हेंबर १८८९ ला दोन्ही डकोटा एकाच दिवशी राज्यं झाली. अध्यक्ष हॅरिसननी सह्या करताना कागद मुद्दाम खालीवर केले त्यामुळे आधी कोण ते कोणालाच माहीत नाही, वर्णानुक्रमाने नॉर्थला ३९ वा नंबर मिळाला. रेल्वेमुळे नॉर्वेजियन आणि रशियातून आलेले जर्मन शेतकरी इथे बसले, गहू पिकवायला लागले, आणि मग खरा प्रॉब्लेम सुरू झाला. गहू यांचा, पण प्रतवारी, कटती, भाव, रेल्वेचं भाडं, कर्जाचं व्याज, सगळं ठरवणार शेजारच्या मिनेसोटा राज्यातल्या मिनियापोलिस शहराचे धान्य व्यापारी आणि बाहेरच्या बँका.

१९१५ ला ए. सी. टाउनली नावाच्या, जवसाच्या शेतीत बुडालेल्या माणसाने नॉनपार्टिझन लीग ही शेतकऱ्यांची संघटना काढली. वेगळा पक्ष न काढता रिपब्लिकन प्राथमिक निवडणुकीतच, म्हणजे पक्षाचा उमेदवार ठरवणाऱ्या मतदानातच, आपली माणसं उभी करायची, ही खरी हुशारी. फोर्ड गाड्या घेऊन कार्यकर्ते शेताशेतावर गेले, १९१६ ला लिन फ्रेझर हा शेतकरी गव्हर्नर झाला, १९१८ ला दोन्ही सभागृहं हातात आली आणि १९१९ ला बँक ऑफ नॉर्थ डकोटा ही सरकारी बँक उभी राहिली, पाठोपाठ १९२२ ला ग्रँड फोर्क्स शहरातली सरकारी पिठाची गिरणी सुरू झाली. १९२१ ला लोकांनी फ्रेझरला मुदतीआधीच परत बोलावलं, असं पद गेलेला तो अमेरिकेतला पहिला गव्हर्नर, पण त्याच मतदानात बँक मोडायला मात्र त्यांनी नकार दिला! माणूस नको, बँक हवी. आणि पुढच्याच वर्षी फ्रेझरला सिनेटवर पाठवलं.

ही बँक आजही चालू आहे. राज्याचा महसूल तिच्यात जमा होतो आणि ती स्थानिक बँकांशी स्पर्धा न करता त्यांच्यासोबत शेतीला, धंद्याला, विद्यार्थ्यांना कर्ज देते.

शेतीत स्प्रिंग गहू, पास्त्याचा ड्युरम गहू, सूर्यफूल, जवस हे मुख्य, मधातही हे राज्य देशात पहिलं. तेल १९५१ ला टायोगाजवळ सापडलं पण खरा पैसा आला २००८ नंतर, बॅकन नावाच्या खडकाच्या थरात फ्रॅकिंग, म्हणजे दाबाने पाणी सोडून खडक फोडून तेल काढणं, सुरू झाल्यावर. २०१४ ला रोजचं उत्पादन १० लाख बॅरलच्या वर गेलं, तेलाच्या भागातल्या विलिस्टन गावात घरभाडी आकाशाला भिडली, कामगार कंटेनरसारख्या खोल्यांत राहिले. तेलाच्या करातला ३० टक्के वाटा लेगसी फंडात, म्हणजे पुढच्यासाठीच्या राज्याच्या बचतीत, टाकायचा हे लोकांनी २०१० लाच मत देऊन ठरवलं होतं, हा शहाणपणा थोड्याच तेलवाल्या राज्यांना सुचलाय. डकोटा ॲक्सेस या तेलाच्या पाइपलाइनवरून २०१६ ला स्टँडिंग रॉकच्या आदिवासी लोकांनी आपलं पाणी वाचवण्यासाठी मोठं आंदोलन केलं, तरी पाइपलाइन झालीच.

राष्ट्राध्यक्षाच्या निवडणुकीत १९६४ नंतर इथे डेमोक्रॅट जिंकलेला नाही. लीग १९५६ ला डेमोक्रॅटिक पक्षात मिसळली, नाव अजून पक्षाला चिकटून आहे पण ताकद गेली. कंपन्यांना शेती करायला बंदी घालणारा १९३२ चा कायदा मात्र लोकांनी सोडला नाही, जून २०१६ मध्ये तो सैल करायचा प्रस्ताव मोठ्या फरकाने पाडला आणि त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये याच मतदारांनी ट्रम्पना ६३ टक्के मतं दिली.