घर पाडताना ‘पात्र’ कोण ठरतं? सोलापूरच्या वस्त्यांची पार्श्वभूमी

सोलापूरच्या पूर्व भागात घर म्हणजे नुसती राहायची जागा नाही. दारात मांडीवर सूप घेऊन बसलेली बाई, बाजूला ओल्या फडक्यात गुंडाळलेली तेंदूची पानं, पत्र्याच्या मापाने कापलेली त्यांची चळत. हजार विड्या झाल्या की कारखान्यात नेऊन द्यायच्या. छाट, म्हणजे नापास ठरलेल्या विड्या, निघाली तर तेवढी मेहनत वाया. हे सगळं दहा बाय दहाच्या खोलीत चालतं. खोली पडली की काम त्याच दिवशी थांबतं.

१८७७ मध्ये पहिली कापड गिरणी सुरू झाली, तेलंगणातून, कर्नाटकातून, मराठवाड्यातून माणसं आली. पुढे गिरण्या बंद पडल्या, वस्त्या राहिल्या. १९९२ च्या हद्दवाढीत भोवतालची गावं शहरात आली आणि गुंठा-अर्धा गुंठा घेऊन बांधलेली घरं शहराच्या नियमांत सापडली.

खरा गुंता ‘पात्र’ या शब्दाचा आहे: पाडकामापासून संरक्षण किंवा पर्यायी घर कुणाला, हे त्यावर ठरतं. १९७१ च्या राज्याच्या कायद्याने एखादा भाग ‘झोपडपट्टी’ म्हणून घोषित करता येतो; घोषित आणि अघोषित वस्तीतला फरक तिथून सुरू झाला. मग माणूस कधीपासून तिथे राहतो यावर संरक्षण ठरवणारी तारीख आली: आधी १ जानेवारी १९९५, नंतर १ जानेवारी २०००, त्यानंतर पैसे भरून पुनर्वसन मिळण्यासाठी १ जानेवारी २०११. माणूस तोच, खोली तीच, पण तारीख सरकली की अपात्र माणूस पात्र होतो. आणि पुरावा कसला? जुनं लाइटबिल, मतदार यादीतलं नाव. एकाच वस्तीत वीस वर्षांत चार खोल्या बदललेल्या भाडेकरूकडे सलग कागद असणार कुठून? बिल सासऱ्याच्या नावावर असेल तर विधवा सुनेला त्या खोलीत आपण राहत होतो हेच सिद्ध करत बसावं लागतं. माझ्या मते पाडकामातला सगळ्यात मोठा अन्याय इथे, कागदावर, जेसीबी यायच्या कितीतरी आधी होतो.

उपजीविका हा जगण्याच्या हक्काचाच भाग आहे, असं सर्वोच्च न्यायालयाने १९८५ मध्ये मुंबईच्या पदपथांवरील रहिवाशांच्या खटल्यात मान्य केलं; पदपथावर कायम राहण्याचा हक्क मात्र मान्य केला नाही. नोव्हेंबर २०२४ मध्ये त्याच न्यायालयाने पाडकामाआधी पंधरा दिवसांची नोटीस बंधनकारक केली. पण रस्ता, पदपथ, रेल्वे रुळांलगतची जागा, नदीपात्र यांसारख्या सार्वजनिक जागांवरची अनधिकृत बांधकामं त्यातून वगळली. सगळ्यात गरीब माणूस नेमका अशाच जागी राहतो, याकडे फार कमी जणांनी लक्ष दिलं.

पर्यायी घरांची वाट सोलापूरने दाखवली आहे, हे सांगितलंच पाहिजे. शहराबाहेर कुंभारीला २००६ मध्ये विडी कामगार बायकांना दहा हजार घरं मिळाली. जानेवारी २०२४ मध्ये त्याच परिसरात असंघटित कामगारांना आणखी पंधरा हजार. ती पाडकामग्रस्तांसाठी नव्हती, कामगारांनी वर्षानुवर्षं झगडून मिळवली. पाडकामात उठवलेल्या कुटुंबाला मात्र जागा निवडता येत नाही. मुलीची तेलुगू किंवा कन्नड माध्यमाची शाळा मागे राहते, ओळखीवर उधार देणारा किराणावाला मागे राहतो, आजारपणात धावून येणारी शेजारीण दुसऱ्याच टोकाला जाते. आणि विड्यांचा कारखाना लांब पडला, तर हजार विड्यांच्या मजुरीतून रिक्षाचं भाडं आधी जातं.