टकळीपासून पुठ्ठ्याच्या मागापर्यंत : प्राथमिक शाळेतल्या विणकामाची पार्श्वभूमी

पुण्यातल्या प्राथमिक शाळेत विणकाम घ्यायचं ठरलं, की शिक्षक सहसा पुठ्ठ्याचा माग करतात. जुन्या वहीचा पुठ्ठा, वरखाली खाचा, तुळशीबागेतून आणलेली लोकर आणि बोथट सुई, एवढ्या सामानावर तिसरीतलं मूल उभ्या ताण्यातून आडवा बाणा घालायला शिकतं. हे काम 'क्राफ्ट'मध्ये मोडतं आणि स्नेहसंमेलनाच्या प्रदर्शनात टांगलं जातं. पण लहान मुलांच्या हाती सूत देण्यामागे या शहरात बराच जुना विचार आहे, आणि तो आज पुन्हा कामाला येऊ शकतो असं मला मनापासून वाटतं.

सुरुवात मुलींच्या शिक्षणापासून झाली. हुजूरपागा १८८४ची, रमाबाई रानड्यांनी उभं केलेलं पुणे सेवासदन १९०९चं. शिवण-टिपण, भरतकाम, विणकाम हे तेव्हा मुलींच्या शिक्षणाचं अंगच मानलं जाई. सेवासदनात त्याला आणखी एक अर्थ होता : विधवा, परित्यक्ता स्त्रीला स्वतःच्या हातांवर पोट भरता यावं. मुलगे मात्र यापासून दूरच राहिले. बालवाडीत घोटीव कागदाच्या पट्ट्या खालीवर घालून जी चटई करतात, ती जर्मन शिक्षणतज्ज्ञ फ्रोबेल यांच्या एकोणिसाव्या शतकातल्या बालोद्यानातून आलेली. तिथे मुलगा-मुलगी भेद नव्हता, पण काम कागदापुरतंच होतं.

खरा बदल वर्ध्याहून आला. ऑक्टोबर १९३७मध्ये गांधीजींच्या अध्यक्षतेखाली तिथे शिक्षण परिषद भरली आणि डॉ. झाकिर हुसेन समितीने त्याच डिसेंबरात अहवाल दिला. सात ते चौदा वर्षांच्या मुलांसाठी मातृभाषेतून शिक्षण, आणि त्याच्या केंद्रस्थानी एक मूलोद्योग, म्हणजे ज्याच्याभोवती बाकीचं शिक्षण गुंफायचं असा हाताचा उद्योग. शाळेच्या साडेपाच तासांपैकी तब्बल तीन तास वीस मिनिटं मूलोद्योगाला! सूतकताई हा त्यातला सर्वांत तपशिलाने मांडलेला उद्योग. आधी टकळीवर, म्हणजे हाताने फिरवायच्या चातीवर कताई, आणि विणाई वरच्या वर्गांत. त्या वेळी मुंबई प्रांतात बाळासाहेब खेरांचं मंत्रिमंडळ होतं. मूलोद्योग शिक्षणाची पहिली परिषद ऑक्टोबर १९३९मध्ये पुण्यात भरली, हे पुणेकरांनाही फारसं ठाऊक नसतं. लगेचच काँग्रेसच्या प्रांतिक मंत्रिमंडळांनी राजीनामे दिले आणि कामाचा वेग ओसरला. सुताशी पुण्याचं नातं त्याआधीपासूनचं होतंच : घडी घालून पेटीत मावणारा 'येरवडा चरखा' गांधीजींच्या इथल्या तुरुंगवासात आकाराला आला.

या योजनेतली मला सर्वांत मोलाची वाटणारी गोष्ट सहसा सांगितली जात नाही. आपल्याकडे विणणं जातीला बांधलेलं होतं. कापड साळी, कोष्टी, पद्मशाली, मोमीन यांनी विणायचं, घोंगडी सनगरांनी. पेठेतला वाडा आणि विणकराची आळी जवळजवळ असूनही मागाची ठकठक वाड्यातल्या मुलासाठी परक्याची होती. मूलोद्योगाने टकळी प्रत्येकाच्या हाती दिली, मुलाच्या आणि मुलीच्याही. हाताचं काम करणाऱ्याला कमी लेखणाऱ्या समाजात हे धाडसाचं पाऊल होतं.

मग ते टिकलं का नाही? माझ्या मते चूक हिशेबात होती. मुलांनी तयार केलेल्या मालावर शाळेचा खर्च, निदान शिक्षकाचा पगार निघावा, अशी अपेक्षा ठेवली गेली. अर्थतज्ज्ञ के. टी. शहा यांनी वर्ध्याच्या परिषदेतच त्यावर आक्षेप घेतला होता. स्वातंत्र्यानंतर शाळांना 'मूलोद्योग' जोडला गेला, 'जीवन शिक्षण' हे नाव अनेक शाळांच्या पाट्यांवर चढलं. पण उद्योगातून भाषा, गणित, भूगोल शिकवण्याची समवाय पद्धती फार थोड्या शिक्षकांना नीट शिकवली गेली. ती नसेल तर सूत नुसतं सूतच राहतं.

पुढे कोठारी आयोगाने (१९६४-६६) कार्यानुभव सुचवला, १९७७मध्ये ईश्वरभाई पटेल समितीने त्याला समाजोपयोगी उत्पादक कार्य म्हटलं. नावं बदलत गेली आणि वेळापत्रकातली जागा आक्रसली. २०२०च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणात कारागिरांकडे शिकण्यासाठी दप्तराविना दहा दिवस आहेत, पण ते सहावी ते आठवीसाठी. पहिली ते चौथीचं सगळं पुन्हा वर्गशिक्षकावरच.

आणि तिथेच पुठ्ठ्याचा माग उपयोगी पडतो, कारण आज त्याच्या विक्रीतून कुणाचा पगार काढायचा नाही. गोल पुठ्ठ्यावर विणताना समवाय आपसूक घडतो. कडेला सोळा खाचा पाडल्या, तर दुसऱ्या फेरीत लोकर पहिल्या फेरीसारखीच त्याच ताण्यांवरून जाते. फेऱ्या वाढतात, पण वीण काही बसत नाही. सतरा खाचा असल्या की प्रत्येक फेरीला वरचा ताणा खाली जातो आणि कापड घट्ट होत येतं. सम-विषम संख्या तिसरीतल्या मुलाला फळ्यावर पाठ करून याव्यात, त्यापेक्षा अशा सापडलेल्या बऱ्या. फक्त सोळा खाचांचा माग शिक्षकाने आधीच दुरुस्त करून देऊ नये. अडलेल्या मुलाला खाचा मोजू द्याव्यात, आणि त्या दिवशी गणिताचा तास लोकरीलाच जोडून घ्यावा.