पंप पुन्हा जोडताना: बेअरिंग आणि शाफ्ट सील

नवे सील टाकूनही पंप महिन्याभरात गळू लागला की दोष सीलच्या माथी मारला जातो. बिघाड अनेकदा जोडणीतच झालेला असतो. आमच्याकडून सुटे भाग नेऊन आडवा, एका इम्पेलरचा (द्रव फेकणाऱ्या पात्यांच्या चाकाचा) सेंट्रिफ्यूगल पंप स्वतः जोडणाऱ्या देखभाल विभागांसाठी ही माहिती आहे. पंपाच्या ड्रॉइंगवर वेगळा आकडा दिला असेल तर तोच धरावा.

आधी शाफ्ट

शाफ्ट व्ही-ब्लॉकवर ठेवून डायल गेज लावा आणि हाताने फिरवा. सीलच्या जागी एकूण रनआउट (फिरताना काट्यावर दिसणारा डगमग) ०.०५ मिमीच्या आत हवा. त्याहून जास्त असेल तर त्या शाफ्टवर नवे भाग चढवू नका, दोन्ही वाया जातील. बेअरिंगच्या बैठकीचा व्यास मायक्रोमीटरने दोन-तीन ठिकाणी, उभा आणि आडवा मोजा. तिथे लालसर-तपकिरी भुकटी किंवा चकाकणारा पट्टा दिसला तर इनर रेस (बेअरिंगचे आतले कडे) शाफ्टवर सरकत होती. अशा वेळी सेंटर पंचाने टोचे मारून फिट घट्ट करण्याची सवय फार जुनी आहे आणि ती सोडलेलीच बरी. टोच्यांच्या कडा पंप चालू झाल्यावर दबतात आणि बेअरिंग पुन्हा सैल होते. बैठक भरून ग्राइंड करावी किंवा शाफ्ट बदलावा.

बेअरिंग चढवणे

वेष्टन अगदी शेवटी फोडा. आतले गंजरोधक तेल धुऊ नका. बेअरिंग इंडक्शन हीटरवर ८० ते ११० अंश सेल्सिअसपर्यंत तापवा. १२० च्या वर कधीही नाही. ५० मिमी बोअरचे बेअरिंग ८० अंशांनी तापले की बोअर सुमारे ०.०४८ मिमीने वाढते. के५ फिटमध्ये (शाफ्टच्या व्यासाची एक प्रमाणित मर्यादा) घट्टपणा जास्तीत जास्त ०.०२५ मिमी असतो, म्हणजे एवढे तापवणे पुरते. गॅसच्या ज्योतीने रेस एका बाजूला जास्त तापते आणि पोलाद मऊ पडते. दोन्ही बाजूंनी बंद, आत ग्रीस भरलेली बेअरिंग ८० अंशांच्या पुढे नेऊ नका. हीटरवरून काढताना चुंबकत्व उतरले आहे ना ते पाहा, नाहीतर लोखंडाचा कीस चिकटतो.

गरम बेअरिंग शाफ्टच्या खांद्याला (पायरीला) टेकवून थंड होईपर्यंत दाबून धरा. थंड होताना ते रुंदीतही आकसते आणि खांद्यापासून सुटते. म्हणून थंड झाल्यावर लॉकनट पुन्हा आवळा. ०.०३ मिमीची फीलर पट्टी इनर रेस आणि खांद्याच्या मध्ये शिरता कामा नये. लॉकवॉशर नवाच घ्या.

थंडच बसवायचे असेल तर पाइप किंवा स्लीव्ह फक्त इनर रेसवर टेकवा. आउटर रेसवर (बाहेरच्या कड्यावर) ठोकले की जोर गोळ्यांतून जातो आणि रेसवर खाचा पडतात. पंप पहिल्याच दिवशी गुरगुरतो तो यामुळे. याच कारणाने आउटर रेसला धरून ओढून काढलेले बेअरिंग पुन्हा वापरू नका.

अँग्युलर कॉन्टॅक्ट (तिरका भार घेणाऱ्या) बेअरिंगची जोडी पाठीला पाठ लावून बसते, म्हणजे आउटर रेसच्या रुंद बाजू एकमेकींना भिडतात. जोडी उलट बसली तर लॉकनट आवळून प्रीलोड (आधीच दिलेला दाब) मिळत नाही.

ग्रीस हाउसिंगमधल्या मोकळ्या जागेच्या एक तृतीयांश ते निम्मे. जास्त भरलेले ग्रीस घुसळले जाऊन तापते. जुन्या लिथियम ग्रीसवर पॉलियुरिया ग्रीस भरू नका. तेल असेल तर पातळी सर्वांत खालच्या गोळीच्या मध्यापर्यंत. ऑइल सीलची स्प्रिंगची बाजू तेलाकडे. जुन्या ओठाने शाफ्टवर खाच पाडली असेल तर नवे सील एक-दोन मिमी सरकवून बसवा.

मेकॅनिकल सील

सर्वांत जास्त चुका क्रमात होतात. शाफ्ट पुढेमागे सरकला की सीलच्या स्प्रिंगचा दाब तेवढाच बदलतो. सील लॉक करून मग इम्पेलरचा गॅप (इम्पेलर आणि केसिंगमधले अंतर) अर्धा मिमी हलवला तर सीलची लांबीही अर्धा मिमी चुकली. म्हणून पंप आधी सीलशिवाय जोडून गॅप ठरवा, स्टफिंग बॉक्सच्या (सील बसते त्या पोकळीच्या) तोंडाशी शाफ्टवर निळ्या शाईने रेघ मारा, उतरवा, आणि रोटरीचे (सीलच्या फिरत्या भागाचे) अंतर त्या रेघेपासून ड्रॉइंगनुसार मोजा.

फेसला, म्हणजे सीलच्या एकमेकांवर घासणाऱ्या गुळगुळीत पृष्ठभागांना, बोट लावू नका. लागलेच तर आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि धागे न सुटणारे कापड. ओ-रिंग ईपीडीएमची (एक कृत्रिम रबर) असेल तर खनिज तेल किंवा साधे ग्रीस लावले की ती फुगते. सिलिकॉन ग्रीस लावा. रबरी बेलोज (सीलचा घडीदार रबरी भाग) साबणाच्या पाण्याने सरकवा आणि लगेच कामाच्या लांबीवर आणा, कारण पाणी सुकले की रबर शाफ्टला धरते. कीवे (चावीची खाच) आणि पायऱ्यांच्या कडांवर पातळ टेप गुंडाळा, ओ-रिंग तिथेच कापली जाते.

ग्लँडचे (सीलची स्थिर सीट धरणाऱ्या झाकणाचे) बोल्ट समोरासमोर, थोडे थोडे आवळा आणि चारही बाजूंचा फट फीलरने सारखा आहे का पाहा. एका बाजूने ओढला तर स्थिर सीट वाकते.

कार्ट्रिज सीलमध्ये (आधीच जोडून येणाऱ्या एकसंध सीलमध्ये) कपलिंगचे अलाइनमेंट झाल्यावर ग्रब स्क्रू आवळा, मग सेटिंग क्लिप काढा, आणि शाफ्ट हाताने फिरवून पाहा. क्लिप फेकू नका; पुढच्या वेळी सील उतरवताना त्या परत लावाव्या लागतात.

सुरू करताना

सक्शन उघडा, केसिंग भरा, सील चेंबरमधली हवा सोडा. कोरड्या फेसला तडे जायला काही सेकंद पुरतात. ग्रीसच्या बेअरिंगचे तापमान पहिले काही तास चढते, मग उतरून स्थिरावते. हाउसिंग ८० अंशांच्या वर स्थिरावले तर पंप थांबवा.

सील तरीही गळले तर काढलेले भाग पुसू किंवा धुऊ नका. तसेच पिशवीत घालून, पंपाच्या नेमप्लेटच्या फोटोसह आमच्याकडे पाठवा. कठीण फेसवरचा घासलेला पट्टा कार्बनच्या नाकापेक्षा (कार्बन फेसच्या टेकणाऱ्या अरुंद कडेपेक्षा) रुंद असेल तर शाफ्ट डगमगत होता, आणि तेव्हा आम्ही सीलऐवजी बेअरिंग आधी तपासतो.